आमच्या ऑनलाइन बुद्धिबळ टीमची पहिली निवडणूक

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री साडेआठला आमची स्पर्धा लागलीच नाही. पन्नासेक जण मोबाइल उघडून वाट पाहत होते. कोणी धरमपेठेतून, कोणी मानेवाड्यातून, कोणी कामठीहून. "काहून बंद आहे बाप्पा आज?" एकानं टीमच्या गप्पांमध्ये विचारलं. पावणेनऊपर्यंत हाच प्रश्न वीस जणांनी विचारून झाला होता. उत्तर देऊ शकेल असा माणूस एकच होता आणि तो तिथं नव्हता.

लिचेसवर आमची टीम आहे. लिचेस म्हणजे थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि जाहिराती नसलेलं बुद्धिबळाचं संकेतस्थळ. तिथं कोणीही टीम काढू शकतो. जो काढतो तो लीडर. स्पर्धा लावणं, नवीन सदस्याला आत घेणं, त्रास देणाऱ्याला बाहेर काढणं, सगळ्यांना एकदम संदेश पाठवणं हे सारं त्याच्या हातात असतं. त्यानं दुसऱ्या कुणाला अधिकार दिले तरच ते वाटले जातात. आमची टीम २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, नागपूरच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यानं काढली. तेव्हा आम्ही अठरा जण होतो. पुढं तो नोकरीला लागला, रात्रपाळी करू लागला. त्यानं अधिकार वाटले नव्हते, कारण पाच वर्षं तशी गरजच पडली नव्हती.

मधल्या काळात टीम वाढली होती. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आमच्याकडं नुसती मुलंच मुलं आली. माझ्याच शाळेतल्या चार मुली आल्या. सदस्य दोनशेच्या वर गेले.

संस्थापकाला मी फोन केला. तो मनापासून म्हणाला, "ताई, मला खरंच वेळ होऊन नाही राहिला. तुम्ही कोणीतरी घ्या ना चार्ज." मी हे टीमवर कळवलं आणि अर्ध्या तासात दोन नावं पुढं आली, त्यामागं दोन गट उभे राहिले. एका गटाला कामठीचा एक तरुण हवा होता. तो उत्तम खेळतो, शनिवारचे सामने तोच जुळवतो. दुसऱ्या गटाला नागपूरच्या महाल भागातल्या एक ताई हव्या होत्या. लहान मुलांना त्या संध्याकाळी ऑनलाइन शिकवतात. दोघंही माझ्या ओळखीचे, दोघंही चांगले. रात्री अकरापर्यंत भाषा घसरायला लागली होती.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. निवडणुकीची ड्युटी आम्हाला चुकत नाही. २०१९ ची लोकसभा, २०२४ ची लोकसभा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा, या तिन्ही वेळी मी मतदान केंद्रावर होते. तिथं शिकलेली एक गोष्ट मी त्या रात्री लिहिली: उमेदवार कोण आहेत हे कळल्यावर नियम लिहायला बसलं की प्रत्येक नियमात माणूस दिसतो. नावं आधीच आली होती, ते आता परत घेता येत नव्हतं. म्हणून संस्थापकाला विनंती केली, की नियम लिहून सगळ्यांना वाचायला मिळेपर्यंत अधिकार कुणालाच देऊ नकोस. त्यानं ते पाळलं. आणि मी स्वतः उभी राहणार नाही, कुणाचा प्रचारही करणार नाही, हेही त्याच संदेशात लिहून टाकलं.

त्या रविवारी सकाळी शंकरनगर भागात आम्ही पाच जण भेटलो. तर्री पोहे झाले आणि मग दुपारी दीडपर्यंत बसलो. आमच्यात एक निवृत्त वकील काका होते, संगणकाचं काम करणारी एक मुलगी होती, दोन पालक आणि मी. मला वाटलं होतं, मतमोजणीची पद्धत ठरवण्यात वेळ जाईल. वेळ गेला तो मतदार कोण हे ठरवण्यात.

मतदान केंद्रावर माणूस समोर उभा असतो. यादीत त्याचं नाव असतं, हातात ओळखपत्र असतं, बोटाला शाई लावता येते. मतदान प्रतिनिधीला शंका आली तर तो दोन रुपये भरून त्या माणसाच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो. आमच्याकडं समोर होती फक्त खाती. एका माणसाची दोन खाती असू शकतात. आमच्यात तशी असलेले काही जण होते आणि त्यात काही वाईट नव्हतं: एक खातं जलद डावांसाठी, एक सावकाश खेळायला. पण मत द्यायचं तर माणूस एक आणि मत एक.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या विश्वस्त मंडळाची २०२१ ची निवडणूक मला ठाऊक होती. तिथं मतदाराची एकूण किमान ३०० संपादनं आणि आधीच्या सहा महिन्यांत किमान २० संपादनं असावी लागत. म्हणजे नुसतं नाव नोंदवून भागत नाही, काम केलेलं असलं पाहिजे. आम्ही तेच आमच्या भाषेत बसवलं: सहा महिन्यांत टीमच्या किमान तीन स्पर्धा खेळलेला सदस्य मतदार. आणि ही मुदत मोजायची ३१ ऑगस्टपर्यंत, म्हणजे भांडण सुरू होण्याच्या आधीपर्यंत. ही तारीख मागची ठेवण्याचा आग्रह मी धरला. पुढची ठेवली असती तर दोन्हीकडून रोज नवे सदस्य भरती झाले असते.

मग मुलांचा प्रश्न आला. तीन स्पर्धा खेळलेल्यांत जवळपास निम्मे अठरा वर्षांखालचे. एक पालक म्हणाले, "मुलांना काय कळते? त्यांचं मत आम्ही देऊ." दुसरे लगेच म्हणाले, "माझा पोरगा खेळते, मी नाही खेळत. त्याचं मत मी कसं देऊ? अन् दोन पोरं असली तर माझ्याकडं दोन मतं?" या दुसऱ्या गृहस्थांचं मला पटलं. देशाच्या निवडणुकीत वयाची अट आहे, ती तिथं बरोबरच आहे. पण इथं लीडर ठरवणार काय, तर शुक्रवारी तीन मिनिटांचे डाव ठेवायचे की दहाचे, आणि शिवी देणाऱ्याला बाहेर काढायचं की नाही. याचा भोग मुलांच्याच वाट्याला येतो. शेवटी ठरलं: दहा वर्षांवरच्या मुलानं स्वतः मत द्यायचं, पालक स्वतः खेळत असेल तरच त्याला मत, आणि उमेदवार मात्र अठरा वर्षांवरचाच. लीडर लहान मुलांना थेट संदेश पाठवू शकतो, म्हणून ही शेवटची अट. तिच्यावर कुणी वाद घातला नाही.

एक निर्णय मला अजून बोचतो. एका घरात बहीण-भाऊ एकाच मोबाइलवर, एकाच खात्यातून आळीपाळीनं खेळतात. दोघांनाही मत हवं होतं. त्यांच्या आईनं फोन करून सांगितलं, "दोघंही खेळतात हो ताई, मी पाहते ना." मला तिचं खरं वाटलं. पण कोणते डाव कुणाचे हे कुठंच नोंदलेलं नव्हतं आणि एकाला सूट दिली की दहा घरांतून तसेच फोन आले असते. त्या दोघांना मिळून एकच मत दिलं. मुलगी आठवीत आहे. "मंग ते दादाच देईन," असं ती मागून म्हणाल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

यादीत ११८ जण आले. ती आठ दिवस हरकतींसाठी ठेवली. सहा हरकती आल्या, चार मान्य केल्या, दोन फेटाळल्या, प्रत्येकीचं कारण लिहून दिलं. पण मोठी चूक हरकतींत आलीच नव्हती. ती सातव्या दिवशी माझ्याच वर्गातल्या मुलीमुळं कळली. "मॅडम, कसली निवडणूक?" तिनं विचारलं. लिचेसवर किड मोड म्हणून एक सोय आहे. ती सुरू केली की मुलाला गप्पा, संदेश काही दिसत नाही. फार चांगली सोय आहे, मी स्वतः पालकांना ती सुरू करायला सांगते. पण आमच्या सगळ्या सूचना संदेशांतूनच गेल्या होत्या. म्हणजे यादीतल्या कितीतरी मुलांना आपण मतदार आहोत याचाच पत्ता नव्हता. मी वेळापत्रक दहा दिवस पुढं ढकललं, हरकतींची मुदत पुन्हा उघडली आणि दोन्ही पालकांनी मिळून घरोघरी फोन केले. एका उमेदवाराच्या माणसानं याला विरोध केला, की तारीख बदलणं चुकीचं. त्याची शंका समजण्यासारखी होती. पण ज्याला सूचनाच पोचली नाही त्याचा हक्क मुदत संपली म्हणून कसा संपणार?

मोजणीच्या पद्धतीला मात्र अर्धा तासही लागला नाही, कारण नागपूरकरांना ती ठाऊक आहे. विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात मी १ डिसेंबर २०२० रोजी मत दिलं होतं. तिथं चिन्हापुढं बटण दाबायचं नसतं. आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं नावांपुढं १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे असतात. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. पहिल्या पसंतीत कुणी तिथवर पोचलं नाही तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणं वाटल्या जातात. त्या वेळची मोजणी किती लांबली होती ते वकील काकांना चांगलं आठवत होतं. आम्हाला हीच पद्धत हवी होती. दोन गट होतेच, तिसरा-चौथा कोणी उभा राहिला तर मतं फुटतील म्हणून त्याला बसवण्याचा दबाव आला असता. पसंतीच्या मतदानात तो दबाव कमी होतो. झालंही तसंच. प्रतापनगरचे एक काका उभे राहिले आणि त्यांना कुणी 'बसा' म्हटलं नाही.

संगणकवाल्या मुलीनं डेबियनचे नियम वाचले होते. डेबियन ही जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त संगणकप्रणाली. त्यांचा नेता दरवर्षी निवडला जातो: एक आठवडा नावं द्यायला, तीन आठवडे चर्चेला, दोन आठवडे मतदानाला. मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय कायम असतो आणि त्यालाही क्रम देता येतो. आपल्याकडं २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटा आलं, पण लोकसभा-विधानसभेत उमेदवारांना त्याच्याशी लढावं लागत नाही. डेबियनमध्ये उमेदवाराला त्या पर्यायालाही हरवावं लागतं. आम्ही तो पर्याय उमेदवारासारखाच धरला. किमान मतदानाचं त्यांचं गणितही तिनं सांगितलं: सदस्यसंख्येचं वर्गमूळ काढायचं, त्याचं निम्मं करायचं आणि त्याची तिप्पट घ्यायची. हजार सदस्यांना हे ४८ च्या आसपास जातं, आमच्या ११८ ला १७. आम्हाला १७ फार कमी वाटले. आम्ही ४० ठेवले.

आता गुप्तता. मत गुप्त राहिलं पाहिजे आणि हरणाऱ्याला खातरीही पटली पाहिजे, या दोन गोष्टी एकत्र बसवणं सगळ्यात अवघड. केंद्रावर हे कामाच्या वाटणीनं होतं. नाव तपासणारा वेगळा, शाई लावणारा वेगळा, यंत्र सुरू करणारा वेगळा, आणि मत यापैकी कुणालाच दिसत नाही. आम्ही तीच वाटणी केली. मी प्रत्येक मतदाराला एक सहा आकडी क्रमांक पाठवला. कुणाला कोणता, ते फक्त माझ्याकडं. संगणकवाल्या मुलीनं मतदानाचा अर्ज बनवला. तिच्याकडं वैध क्रमांकांची यादी होती, नावं नव्हती. अर्जात मतदारानं तो क्रमांक, आपल्या पसंती आणि आपल्याच मनानं निवडलेला एक गुप्त शब्द भरायचा. निकालानंतर सगळ्या मतपत्रिका त्या शब्दांसकट टीमवर जाहीर करायच्या, क्रमांक वगळून. म्हणजे मला मतं दिसणार, पण ती कोणाची ते कळणार नाही. तिला क्रमांक दिसणार, पण तो कोणाचा ते कळणार नाही. आणि मतदाराला आपला शब्द शोधून आपलं मत बरोबर मोजलं का ते पाहता येणार. आम्ही दोघी मिळून फसवायचं ठरवलं असतं तर ही गुप्तता फुटली असती, हेही नियमांत स्पष्ट लिहिलं. लोकांना ते आधी माहीत असणं मला गरजेचं वाटलं.

प्रचाराला एकच कडक नियम होता. मुलांना खासगी संदेश पाठवून मत मागायचं नाही. प्रत्येकानं आपलं म्हणणं एकदाच तीनशे शब्दांत लिहायचं, ते मी सगळ्यांना पाठवणार, शिवाय एक तास खुल्या प्रश्नांचा. त्या तासात सर्वांत चांगला प्रश्न अकरा वर्षांच्या एका मुलानं विचारला: "तुम्ही सुट्टीवर गेले तर शुक्रवारी स्पर्धा कोण लावणार?" तिघांनीही आपापल्या जागी दोन सहलीडर नेमायचं कबूल केलं आणि आम्ही ते नियमात घातलं.

मतदानाआधी अभिरूप मतदान घेतलं. यंत्रावर आम्ही प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकून, निकाल काढून, मग ती पुसतो. इथं उमेदवारांच्या तीन माणसांसमोर तीस खोटी मतं टाकली, मोजली, पुसली. त्यात एक दोष सापडला: दोन नावांना एकच आकडा दिला तरी अर्ज स्वीकारत होता. तो दुरुस्त केला.

दिवाळीनंतर चार दिवस मतदान चाललं. ८७ जणांनी मत दिलं. दोघांनी पहिली पसंतीच दिली नव्हती, ती बाद. वैध ८५, कोटा ४३. मोजणी रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांसमोर केली. पहिल्या पसंतीत कामठीच्या तरुणाला ३४, महालातल्या ताईंना २९, प्रतापनगरच्या काकांना १५, 'कोणीही नाही'ला ७. हा पर्याय आधी बाद झाला. त्यातल्या चौघांनी पुढं काही लिहिलंच नव्हतं. उरलेल्या तिघांतला एक तरुणाकडं, दोन ताईंकडं. मग काका बाद. त्यांच्या पंधरांपैकी अकरा ताईंकडं, तीन तरुणाकडं, एक कोरा. आता तरुण ३८, ताई ४२.

कॉलवर शांतता झाली. कोटा ४३ होता. ताई पुढं होत्या, पण कोट्याला एक मत कमी होतं आणि वाटायला मतपत्रिका उरली नव्हती. आमच्या नियमांत याबद्दल एक ओळही नव्हती. मला त्या क्षणी घाम फुटला, कारण निकाल दिसत असताना मी काहीही ठरवलं असतं तरी ते एका बाजूचंच झालं असतं. वकील काकांनी शेवटच्या पानावरचं कलम वाचून दाखवलं. ते त्यांनीच पहिल्या बैठकीत घालायला लावलं होतं: 'जिथं हे नियम गप्प आहेत तिथं विधान परिषदेच्या मतमोजणीची पद्धत लागू.' त्या पद्धतीत सगळे बाद होऊन एकच उमेदवार उरला तर कोटा पूर्ण नसला तरी तोच निवडून आलेला धरतात. ३८ चा उमेदवार बाद, ४२ चा उरला. सप्टेंबरात ते कलम कोणालाच महत्त्वाचं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मतपत्रिका जाहीर केल्यावर तासाभरात तीन जणांनी विचारलं. दोघांनी 'जयविदर्भ' हाच शब्द निवडला होता, दोन्ही मतं वेगवेगळी. दोघांनाही आपापली ओळ सापडली, प्रश्न मिटला. तिसरा प्रश्न त्या तरुणाच्या मित्राचा होता. त्याला आपला शब्द सापडत नव्हता, कारण त्यानं तो चुकीचा टंकला होता. मग तो तरुण स्वतः लिहिता झाला: "माझं मत मी पाहिलं, बरोबर आहे. मोजणी मी स्वतः पुन्हा केली. ताई निवडून आल्या." ताईंनी त्याच संध्याकाळी त्याला सहलीडर व्हायला विचारलं. तो हो म्हणाला.

संस्थापकानं सोमवारी रात्री कामावरून आल्यावर तिघांना अधिकार दिले आणि मग स्वतःचे काढून घेतले. त्या शुक्रवारी साडेआठला ६१ जण खेळले.

लीडरला मुदतीआधी काढायचं कसं, हे कलम अजून अर्धवट आहे. मतदारांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली की फेरमतदान, एवढं ठरलंय. किती मतांनी काढायचं यावर वकील काका आणि ती संगणकवाली मुलगी यांचं एकमत होत नाही. पण हे आता लिहिलं पाहिजे, कारण सध्या ताईंना काढावं असं कुणालाच वाटत नाही. त्या बहीण-भावांची दोन वेगळी खाती मागच्या महिन्यात टीममध्ये आली. बहिणीच्या दोन स्पर्धा झाल्यात.